हाफिजाचा नकाशा

सुयश टिपणीस आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. दुबईत अल मनखूलमधल्या या जुन्या इमारतीला लिफ्ट एकच, आणि तीही तिच्या मर्जीने चालते. त्यामुळे इथल्या बऱ्याचशा ओळखी लिफ्टची वाट बघताना होतात. आमचीही तशीच झाली. उंच, किंचित वाकून चालणारा आणि बोलताना हवेत बोटाने चौकोन काढणारा माणूस. मी एका गोदामाच्या कंपनीत हिशेब बघतो, त्यामुळे हा नेमकं काय काम करतो ते लवकर माझ्या डोक्यात शिरेना. शेवटी त्याची बायको मैथिली म्हणाली, "प्रकाशकाका, फोनमध्ये आपण कुठे बोट लावायचं ते हा ठरवतो." मला तेवढं पुरलं.

पुढे संध्याकाळी मागच्या बागेत फिरायला आम्ही एकत्र जाऊ लागलो आणि त्याची गोष्ट मला तुकड्यातुकड्याने कळत गेली. काही त्याने सांगितलं, काही त्याच्या ऑफिसातल्या मोईनने. मोईन श्रीवर्धनचा, आमच्या मंडळाच्या गणपतीला न चुकता येतो आणि प्रसादाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे असतो.

चिंचवडला असताना सुयशने दहा-बारा वर्षं बँकांची ॲप्स केली. रकाने, आकडे आणि "पुढे जा"ची बटणं. त्यातून एकदम दुबईतल्या एका प्रवासाच्या कंपनीत नोकरी मिळाली आणि काम मिळालं नकाशाचं. इथल्या कुटुंबांना सुटीच्या दिवशी गाडी काढून कुठे जायचं, वाटेत कुठे थांबायचं, हे नकाशावर बोट फिरवून ठरवता यावं, असं ते ॲप. कंपनी लहान, बिझनेस बेमध्ये एका मजल्याचा अर्धा भाग. पण सुयश इतका खूश होता की आल्या आल्या त्याने गाडी घेण्याआधी घरच्या भिंतीवर अमिरातीचा मोठा नकाशा लावला.

ऑफिसात पहिल्याच दिवशी त्याच्या बॉसने, एमानने, सगळ्यांना बोलावून ओळख करून दिली. एमान जॉर्डनची, मोजकं बोलणारी बाई. ती म्हणाली, हा सुयश, हाफिजाच्या जागी आलाय. सगळे हसून "वेलकम" म्हणाले. पण सुयशला वाटलं, हाफिजा म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते सुयश म्हणताना आलं नाही.

हाफिजा परकार ही त्याच्या आधीची डिझायनर. मूळची बाणकोटची, राहायला शारजाच्या पलीकडे, अजमानला. सासऱ्यांना पक्षाघात झाला आणि घरी बघायला दुसरं कोणी नाही म्हणून तिने नोकरी सोडली होती. सुयशने तिला पाहिलंही नव्हतं. पण ऑफिसात ती रोज हजर असायची. कुठलाही प्रश्न निघाला की कोणी ना कोणी म्हणायचं, हाफिजाने याचा विचार केला होता. मोईन तिला आपा म्हणायचा. मोईन हा तिथला प्रोग्रॅमर, डिझायनरने काढलेलं चित्र चालतं करणारा माणूस. नकाशावर एखाद्या जागेला बोट लावलं की खालून एक छोटी पाटी वर येते. त्या पाटीला मोईनने आपल्या सोयीसाठी "हाफिजा कार्ड" असं नाव दिलं होतं आणि तेच रूढ झालं होतं. म्हणजे सुयशला स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं झालं तरी मीटिंगमध्ये दहादा तिचं नाव घ्यावं लागे. हाफिजा कार्डचा रंग, हाफिजा कार्डची उंची. त्याने एकदा सुचवलं की याला आता दुसरं काहीतरी नाव देऊ. सगळे लगेच हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हाफिजा कार्ड म्हणू लागले.

तिचा नकाशा सुयशला पहिल्यापासून खटकला. ॲप उघडलं की आधी नकाशा दिसायचाच नाही, एक प्रश्न यायचा: घरी किती वाजेपर्यंत परत यायचंय? ते सांगितलं की मग नकाशा उघडणार, आणि त्यातही तेवढ्या वेळात जाऊन येता येईल अशाच जागा रंगीत, बाकीचा देश करडा. पाटीवर निघायची वेळ, वाटेतला थांबा, आणि सगळ्यात ठळक अक्षरात, परत फिरायची वेळ. सुयश मला म्हणाला, "काका, प्रवासाची सुरुवात कोणी परत येण्यापासून करतं का? ही काय शाळेची सहल आहे?"

मी म्हटलं, मला तर बरं वाटतं ते, नाहीतर येताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये जीव जातो. नंतर मैथिलीकडून कळलं की मी तसं बोललेलं त्याला बराच काळ लागून राहिलं होतं.

मत्सर हा शब्द तेव्हा त्याने वापरला नसता. तो म्हणायचा की डिझाइन जुनं झालंय. पण दुपारी डबा खाताना तो ऑफिसच्या संग्रहातली एक चित्रफीत लावून बसायचा. त्यात हाफिजा काही पाहुण्यांना आपला नकाशा समजावून सांगत होती. फिकट हिरवा स्कार्फ, सावकाश बोलणं. मध्येच कोणीतरी अवघड प्रश्न विचारतं आणि ती म्हणते, "हे मला माहीत नाही. बघून सांगते." सगळे हसतात, आपलेपणाने. सुयश ते पुन्हा पुन्हा बघायचा. एवढ्या वर्षांत तो कुठल्याही मीटिंगमध्ये "मला माहीत नाही" असं म्हणाला नव्हता. म्हणायची छातीच झाली नव्हती. आणि ही बाई ते म्हणते आणि लोकांना आवडते. मोईनने त्याला दोन-तीनदा ती चित्रफीत बघताना पाहिलं आणि त्याला वाटलं, माणूस किती मन लावून अभ्यास करतोय.

शेवटी सुयशने एमानकडे नवा नकाशा करायची परवानगी मागितली आणि तिने दिली.

त्या काळात तो खरंच सुंदर काम करत होता, हे मीही सांगेन. त्याने मला त्याच्या फोनवर दाखवलं होतं. प्रश्न नाही, पाटी नाही, उघडल्या उघडल्या सगळा देश समोर. वाळूचे रंग जागोजागी वेगळे, हजरचे डोंगर उन्हात असावेत तसे, वाड्यांच्या, म्हणजे कोरड्या नद्यांच्या, बारीक शिरा. आपण घरावर बोट ठेवायचं आणि जिकडे मन होईल तिकडे ओढत न्यायचं. बोटाखाली रेघ उमटत जाते आणि बोट उचललं की ती रेघ सरकून जवळच्या रस्त्यावर जाऊन बसते. माझ्यासारख्या माणसालाही ते खेळत बसावंसं वाटलं. मी बोट ओढत कल्ब्यापर्यंत गेलो, तिथून खोरफक्कान, तिथून वर डोंगरात.

"आवडलं?" त्याने विचारलं.

"फार छान आहे," मी म्हटलं.

"आधीच्यापेक्षा?"

मी हो म्हटलं. त्याचा चेहरा इतका उजळला की मला थोडं अवघडल्यासारखं झालं.

ऑफिसातही वाहवा झाली. मोईनने तर खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या आणि मग म्हणाला, "आपाला दाखवायला पाहिजे. ती बघेल तर खूश होईल." त्या एका वाक्याने सुयशचा दिवस नासला. मोईनला अजूनही हे पटत नाही. तो म्हणतो, मी चांगलंच बोललो होतो.

याच सुमारास हाफिजाचा निरोप आला. सासरे आता थोडे सावरले होते, आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करता येईल, काही असेल तर सांगा, असं तिने एमानला विचारलं होतं. एमानने तो निरोप सुयशकडे पाठवला आणि त्याचं मत मागितलं. सुयशने लगेच उत्तर दिलं नाही. जेवणाच्या सुटीत खाली उतरला, कालव्याच्या कडेने एक फेरी मारून आला, आणि मग कळवलं की सध्या एकट्याने काम होतंय, दुसऱ्या माणसाची गरज नाही. एमानने "ओके" म्हटलं आणि विषय संपला. ही गोष्ट त्याने मैथिलीलाही सांगितली नाही. मला सांगितली ती सगळं होऊन गेल्यावर.

नवा नकाशा आधी थोड्या लोकांना वापरायला देऊन बघायचं ठरलं होतं. त्या थोड्यांत सुयशने स्वतःचं घरही घातलं. एका रविवारी सकाळी तो, मैथिली आणि मुलगी शुभ्रा, तिघं निघाले. शुभ्रा तिसरीत. आपण मराठीत काहीही विचारा, ती इंग्रजीतच उत्तर देते. सुयशने तिच्या हातात फोन देऊन तिलाच रेघ ओढायला लावली. तिने रास अल खैमाला, जेबेल जैसच्या माथ्यापर्यंत रेघ नेली. माथ्यावर गार वारा होता, मुलगी खूश, बाप त्याहून खूश. तिथे उभं राहून नकाशावर बघितलं तर खोरफक्कानचा समुद्र अगदी शेजारी दिसत होता, दोन बोटांवर. सुयशने बोट ओढलं. रेघ जाऊन रस्त्यावर बसली, पण तो रस्ता डोंगर उतरून केवढा वळसा घालून जातो, याचा त्या सुंदर चित्रातून अंदाज येत नव्हता. निदान गाडीत गाणी चालू असताना आला नाही. समुद्रावर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. मुलगी पाण्यातून निघेना. आणि परत येताना, सगळा देश जेव्हा एकदम घराकडे वळतो, त्या गर्दीत ते सापडले. शारजाच्या अलीकडे गाड्या मुंगीच्या पावलाने चाललेल्या. शुभ्राला गाडीत उलटी झाली. सोमवारी तिची परीक्षा होती.

मैथिली मागच्या सीटवर बसून लेकीचं तोंड पुसत होती. शुभ्रा म्हणाली, "बाबा, द ओल्ड वन टोल्ड अस व्हेन टू टर्न बॅक."

सुयशने मला सांगितलं की त्या क्षणी त्याला मुलीचा राग आला नाही, स्वतःचाही आला नाही. राग आला तो हाफिजाचा. कधी न पाहिलेली बाई, अजमानला आपल्या घरी बसलेली, आणि इथे त्याच्या गाडीत त्याची स्वतःची मुलगी तिच्या बाजूने बोलत होती.

बाकीच्या लोकांचंही तसंच निघालं. नव्या नकाशावर लोक पुष्कळ वेळ रमायचे, रेघा ओढायचे, एकमेकांना दाखवायचे. पण सहल ठरवून बाहेर पडणारे कमी झाले, आणि जे पडले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी उशीर झाल्याच्या तक्रारी केल्या. सुयशने एमानसमोर बाजू मांडली की लोकांना सवय नाही, हळूहळू होईल. एमानने ऐकून घेतलं. मग म्हणाली, सगळ्यांना द्यायच्या आधी हे एकदा हाफिजाला दाखव. मोईन तुला घेऊन जाईल. विनंती नव्हती ती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

शनिवारी सकाळी मोईनच्या गाडीतून दोघं अजमानला गेले. वाटेत मोईन आपाचं कौतुक करत होता आणि सुयश खिडकीबाहेर बघत होता. त्याने मनात एक बाई तयार करून ठेवली होती. शहाणी, सौम्य, सगळ्यांना समजून घेणारी, आणि त्याच्या कामाकडे हलकं हसून बघणारी. त्या हसण्याला काय उत्तर द्यायचं, हेही त्याने ठरवून ठेवलं होतं.

दार उघडलं ते तिच्या नवऱ्याने, याकूबने. शारजाच्या इंडस्ट्रियल भागात त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो घाईत होता. "या, बसा, घर तुमचंच," म्हणून आणि मोईनच्या पाठीवर थाप मारून तो निघूनही गेला. आत खिडकीपाशी खुर्चीत सासरे बसले होते, एक हात मांडीवर पडलेला. हाफिजा स्वयंपाकघरातून आली. चित्रफितीत दिसायची त्यापेक्षा थकलेली, आणि पुष्कळ चटपटीत. तिने नारळाची सांदणं केली होती. चहा दिला, सासऱ्यांच्या हनुवटीखालचा रुमाल सारखा केला, धाकट्या मुलाला, अर्शला, कडेवरून खाली उतरवलं, आणि मग म्हणाली, "द्या, बघू."

तिने फोन घेतला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. बोट ओढत राहिली. डोंगर मोठे करून बघितले, समुद्राचा रंग बघितला. सुयश तिच्या चेहऱ्यावर ते हसू शोधत होता. ते कुठेच नव्हतं. मग तिची मुलगी माहनूर येऊन बसली आणि तिने आईच्या हातातून फोन घेतला. अजमानवर बोट ठेवून तिने सरळ समुद्रातून रेघ ओढली, स्क्रीनच्या कडेपर्यंत. बाणकोटला जातेय म्हणाली. रेघ मागे सरकून किनाऱ्यावर येऊन बसली. तिने दोनदा करून बघितलं आणि कंटाळून उठून गेली.

"चांगला आहे का?" मोईनने विचारलं.

"चांगला आहे म्हणून तर बोलत नाहीये," हाफिजा म्हणाली. मग सुयशकडे वळून तिने सरळ सांगितलं, "मी आधीच बघितलाय हा. तुम्ही लोकांना ट्रायलला दिलात ना, त्यात माझी नणंदही होती. तिच्या फोनवर बघितला आणि फोन पालथा ठेवला. नंतर दोन दिवस मोईनशी बोलले नाही. त्याला वाटलं मी आजारी आहे."

"का?" सुयशने विचारलं.

"हेवा वाटला. दुसरं काय म्हणणार त्याला? माझ्या खुर्चीत बसून कोणीतरी मला न सुचलेलं काम केलं. चांगलं नसतं तर बरं वाटलं असतं, खरं सांगते."

ती हे अगदी साधेपणाने बोलली, चहात साखर कमी पडली हे सांगावं तसं. मग तिने त्या प्रश्नाबद्दल सांगितलं, ज्याला सुयश इतके दिवस नावं ठेवत होता. तो प्रश्न तिने लोकांचा विचार करून घातला नव्हता. तिला स्वतःलाच रोज परत यायची घाई असायची. ऑफिसात बसली तरी नजर घड्याळावर, शारजाचा ट्रॅफिक लागायच्या आत निघायचं, घरी मुलं, सासऱ्यांची औषधं. जग असंच जगतं असं तिला वाटलं आणि तिने ते नकाशात घातलं. लोकांना उपयोगी पडलं, बरं झालं. "पण एवढा मोठा नकाशा उघडा टाकायची माझी हिंमतच झाली नसती," ती म्हणाली. "मी अर्धा देश करडा करून ठेवला होता."

नंतर तिने चुका सांगितल्या, आणि त्या पोकळ नव्हत्या. डोंगराच्या दोन बाजू जवळ दिसतात, त्या लांब आहेत हे रेघ ओढतानाच कळलं पाहिजे. जायची रेघ दिसते, यायची दिसत नाही. सुयशने सगळं ऐकलं. उत्तरं तयार होती, ती वापरायची वेळच आली नाही.

निघताना दारात ती सहज म्हणाली, "एमानला मी विचारलं होतं, थोडं काम मिळेल का म्हणून. जागा नाही म्हणाली. ठीकच आहे. तुमचं एकट्याचं निभतंय तर कशाला दुसरं माणूस." तिच्या बोलण्यात काहीही खोच नव्हती. सुयश चपला घालत होता, तो वाकलेलाच राहिला. मोईनला वाटलं, त्याच्या पाठीत उसण भरली.

परतीच्या वाटेवर तो काय विचार करत होता, हे मी त्याला नंतर विचारलं. मला वाटलं होतं, तो म्हणेल की लाज वाटली. तो म्हणाला, "लाज वाटली, पण नंतर. आधी पुन्हा मत्सरच वाटला, काका. ती हेवासुद्धा माझ्यापेक्षा चांगला करते. तोंडावर सांगून मोकळी झाली. मी मात्र वर्षभर त्याला डिझाइनचा प्रश्न म्हणत बसलो."

सोमवारी तो एमानच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला की हाफिजाला घ्यायला हवं. एमानने आठवण करून दिली की गरज नाही असं त्यानेच कळवलं होतं.

"गरज तेव्हाही होती," सुयश म्हणाला. "मला ती नको होती."

एमान रागावली नाही, समजूतही घातली नाही. ती म्हणाली की हे तेव्हाच सांगितलं असतंस तर नकाशा एव्हाना बाहेर पडला असता, आणि यापुढे कोणाला घ्यायचं याबद्दल मी तुला विचारणार नाही. ते तिने पाळलंही. हाफिजा परत आली, घरून तीन दिवस आणि ऑफिसात एक दिवस, आणि दोघांच्यात मतभेद झाले तर शेवटचा शब्द हाफिजाचा, असं एमानने पहिल्याच मीटिंगमध्ये जाहीर केलं. वर्षभर ज्या नावाशी तो झगडला, ते आता त्याच्या वर बसलं. हाफिजाने आपली नाराजी वेगळ्या तऱ्हेने दाखवली. सुयशने तिला तो निरोप आणि आपलं उत्तर याबद्दल सांगितलं तेव्हा ती "अच्छा" म्हणाली आणि नंतरचे बरेच दिवस कामापलीकडे एक शब्द बोलली नाही. कोणी मधे पडलं नाही. मोईनलासुद्धा तेव्हा कळलं की इथे विनोद करायचा नाही.

पण काम चालू राहिलं, आणि कामानेच पुढचं झालं. दोघं भांडायचे ते नकाशावरून, आणि ते भांडण खरं असायचं. प्रश्न आधी विचारायचा की नंतर, यावर कितीतरी दिवस गेले. तिचं म्हणणं, आधी विचारला नाही तर कोणी उत्तर देत नाही. त्याचं म्हणणं, आधी विचारला तर कोणी स्वप्न बघत नाही. शेवटी नकाशा उघडाच राहिला, सुयशचा. पण रेघ ओढायला लागलं की तिच्या शेजारून दुसरी रेघ, परतीची, तेवढीच जाड, आपोआप उमटत येते. डोंगरातून बोट न्यायला गेलं तर रेघ बोटाखालून निसटून लांबच्या रस्त्याला जाते आणि वळसा डोळ्यांसमोर दिसतो. बोट उचललं की मग तो प्रश्न येतो. ही निसटणारी रेघ कोणाची कल्पना, हे मी दोघांना वेगवेगळं विचारलं. सुयश म्हणाला माझी. हाफिजाही म्हणाली माझी. मोईन म्हणतो, केली तर मी.

नकाशा बाहेर पडला आणि लोकांना आवडला. आमच्या मंडळातले निम्मे लोक तोच वापरतात. मीसुद्धा त्यावर ठरवून माझ्या बायकोला, प्रमिलाला, हत्ताला नेऊन आणलं आणि दिवेलागणीच्या आत घरी आलो. ती म्हणाली, हे सुयशने केलं का. मी म्हटलं, सुयश आणि एका परकारबाईंनी. हे लिफ्टमध्ये सुयशला सांगितलं तर त्याने विचारलं, "नावं याच क्रमाने घेतलीत ना?" तो हसत होता, पण उत्तर ऐकायला थांबला.

यंदाच्या थंडीत कंपनीने मस्कतमध्ये काम सुरू करायचं ठरवलं. तिथल्या लोकांसमोर नकाशा मांडायला एकालाच पाठवायचं होतं. सुयशने कपड्यांची इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती. एमानने हाफिजाला पाठवलं. याकूबने दुकान भावावर सोपवलं, वडिलांना बहिणीकडे ठेवलं आणि सगळे गाडीने गेले.

तिने नकाशा मांडला त्या संध्याकाळी मी सुयशकडे होतो. मैथिलीने थालीपीठ खायला बोलावलं होतं. सुयशच्या फोनवर ऑफिसच्या ग्रुपवर फोटो येत होते. हाफिजा मोठ्या पडद्यासमोर उभी, मागे त्याचे डोंगर, त्याचा समुद्र. समोर भरलेलं सभागृह. तो एकेक फोटो मोठा करून बघत होता.

मैथिलीने तव्यावरून मान वळवून विचारलं, "जळतोयस का रे?"

"हो," सुयश म्हणाला. त्याने फोनवर हाफिजाला लिहिलं, छान दिसतंय, मला जाम हेवा वाटतोय. पाठवलं. मग ओट्यापाशी जाऊन त्याने कोथिंबिरीची जुडी उचलली आणि निवडायला बसला.